उंदीर, पिसू आणि माणूस : येर्सिनिया पेस्टिस जिवाणू व बीड जिल्ह्यातील १९९४ ची प्लेगची साथ

प्रस्तावना

प्लेग हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे मुंबई-पुणे उभे राहते. हा रोग इतिहासाच्या पुस्तकात गेला, अशी सुशिक्षितांची समजूत आहे. बीड जिल्ह्यातील अध्यापकांना मात्र ती बाळगता येणार नाही. १९९४ मध्ये भारतात प्लेग पुन्हा अवतरला तो याच जिल्ह्यातील मामला या लहानशा गावात. त्याआधी देशातील मानवी प्लेगची शेवटची नोंद १९६६ सालची, कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातील होती. अठ्ठावीस वर्षांच्या मौनानंतर हा जिवाणू बोलला तो बीडमध्ये.

प्रस्तुत लेखात प्लेगचा जिवाणू, त्याचे उंदीर व पाळीव प्राण्यांशी असलेले नाते, मानवाकडे होणारे संक्रमण आणि मामला येथील साथीचा अन्वयार्थ यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. या विवेचनातून एकच मुद्दा ठळकपणे मांडावयाचा आहे. प्लेगची पहिली बातमी रुग्णालयातून येत नाही; ती मेलेल्या उंदराकडून येते, आणि ती प्रथम वाचतात ते गावातील सामान्य लोक. ही बातमी किती लवकर समजून घेतली जाते, यावरच पुढील हानीचे प्रमाण ठरते.

जिवाणूचा परिचय

प्लेगला कारणीभूत असलेल्या जिवाणूचे शास्त्रीय नाव येर्सिनिया पेस्टिस असे आहे. १८९४ मध्ये हाँगकाँग येथील साथीत अलेक्झांडर येर्सिन याने तो शोधून काढला. त्याच्या नावावरूनच पुढे या प्रजातीला हे नाव मिळाले. हा ग्रॅम-ऋण, आखूड दंडाकृती जिवाणू आहे. विशिष्ट रंजकद्रव्याने रंगविल्यास त्याची दोन्ही टोके गडद व मधला भाग फिकट दिसतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तो बंद केलेल्या सेफ्टी पिनेसारखा भासतो.

जनुकीय अभ्यासांनुसार हा जिवाणू येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस या तुलनेने सौम्य अशा आतड्यातील जिवाणूपासून उत्क्रांत झाला. अन्नपाण्यातून पसरणाऱ्या पूर्वजापासून रक्तपिपासू कीटकाच्या मार्फत पसरणारा घातक जिवाणू निर्माण व्हावा, हे उत्क्रांतीचे एक लक्षणीय उदाहरण आहे. काही जनुके नव्याने मिळाल्याने आणि काही निकामी झाल्याने हा बदल घडून आला.

तापमानानुसार वर्तन बदलण्याची क्षमता हे या जिवाणूचे आणखी एक वैशिष्ट्य होय. पिसूच्या शरीरातील कमी तापमानात तो एका प्रकारे वागतो. सस्तन प्राण्याच्या शरीरात, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसला, तो स्वतःभोवती एक प्रथिनयुक्त आवरण तयार करतो. हे आवरण शरीरातील भक्षक पेशींपासून त्याचे रक्षण करते. याच आवरणाविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे शोधून प्लेगचे रक्तजल-निदान केले जाते.

उंदीर आणि पिसू यांची साखळी

प्लेग हा मूलतः माणसाचा रोग नाही. तो कृंतक वर्गातील प्राण्यांचा, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांचा रोग आहे. माणूस या साखळीत अपघाताने ओढला जातो.

निसर्गात या रोगाची दोन वर्तुळे आढळतात. पहिले वर्तुळ रानातले. भारतात शेताच्या बांधावर व माळरानात बिळे करून राहणारा टाटेरा इंडिका हा उंदीर या वर्तुळातील प्रमुख प्राणी मानला जातो. या उंदरांमध्ये रोगाला बऱ्यापैकी प्रतिकार करणारे प्राणी असतात. त्यामुळे जिवाणू त्यांच्यात वर्षानुवर्षे शांतपणे टिकून राहू शकतो. दुसरे वर्तुळ घरातले. घरातील काळा उंदीर, म्हणजे रॅटस रॅटस, या जिवाणूला सहज बळी पडतो. शेत आणि वस्ती यांच्या सीमेवर दोन्ही प्रकारचे उंदीर एकत्र आले, त्यांच्या पिसवांची देवाणघेवाण झाली की रानातला जिवाणू घरात शिरतो.

या दोन्ही वर्तुळांना जोडणारा दुवा म्हणजे पिसू. झेनॉप्सिला किओपिस ही उंदरावरील पिसू या कामात सर्वांत कार्यक्षम समजली जाते. आजारी उंदराचे रक्त शोषताना जिवाणू तिच्या अन्ननलिकेत जातात. तेथे ते एका चिकट थराच्या रूपाने वाढतात आणि जठराच्या तोंडाशी अडथळा निर्माण करतात. अडथळा आलेल्या पिसवेला कितीही रक्त शोषले तरी ते पोटात पोहोचत नाही. ती भुकेने व्याकूळ होऊन पुनःपुन्हा चावत राहते आणि प्रत्येक चाव्याबरोबर शोषलेले रक्त जिवाणूंसह परत जखमेत ओकते. भूक न भागणारी ही पिसूच प्लेगची खरी प्रसारक होय. तापमान फार वाढल्यास हा अडथळा टिकत नाही. पूर्वीच्या साथी कडक उन्हाळ्यात ओसरत असत, त्याचे एक कारण हे मानले जाते.

उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते. उबदार रक्तावर जगणाऱ्या पिसवा ते शरीर सोडतात आणि नवा आश्रय शोधू लागतात. दुसरा उंदीर मिळाला तर ठीक. घरातले उंदीरच संपले असतील तर त्या माणसाकडे वळतात. म्हणजे घरात उंदीर मरून पडणे आणि काही दिवसांत पिसवांचा उपद्रव वाढणे या दोन वेगळ्या घटना नसून एकाच घटनेच्या दोन पायऱ्या आहेत. तिसरी पायरी माणसाच्या काखेतील वा जांघेतील गाठीची असते.

पाळीव प्राण्यांची भूमिका

उंदीर मारण्यासाठी घरात मांजर पाळण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु प्लेगच्या संदर्भात मांजर हे दुधारी शस्त्र ठरते. रोगट उंदीर खाल्ल्याने मांजराला प्लेग होतो, तो तीव्र स्वरूपाचा असतो, आणि आजारी मांजराच्या चाव्यातून, ओरखड्यातून किंवा खोकल्यातून तो माणसाला होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत १९७७ ते १९९८ या काळात मांजरांपासून झालेल्या मानवी प्लेगचे २३ रुग्ण नोंदविले गेले. त्यांपैकी ५ दगावले. फेब्रुवारी २०२४ मध्येही त्या देशातील ओरेगॉन राज्यात आजारी पाळीव मांजरामुळे प्लेग झाल्याची एक घटना घडली.

कुत्रा सहसा या रोगाने गंभीर आजारी पडत नाही. मात्र तो संसर्गित पिसवा घरात आणू शकतो. २०१४ मध्ये कोलोरॅडो राज्यात एका पाळीव कुत्र्याला फुफ्फुसाचा प्लेग झाला आणि त्याच्या संबंधात ४ माणसे बाधित झाली. अशा घटना विरळ आहेत. तरीही उंदीर मेलेल्या घरातील मांजर आजारी पडले, तर त्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत, एवढा बोध त्यांतून निश्चितच घेता येतो.

मानवातील रोगाचे स्वरूप

पिसू चावल्यानंतर साधारणतः १ ते ७ दिवसांत थंडी वाजून ताप येतो, डोके व अंग दुखते, आणि चाव्याच्या जवळची लसिका ग्रंथी सुजून अत्यंत वेदनादायक गाठ तयार होते. यालाच गाठीचा प्लेग म्हणतात. जुन्या मराठी लिखाणात त्यासाठी ‘ग्रंथिक सन्निपात’ असा शब्द आढळतो. जिवाणू थेट रक्तात पसरल्यास रक्तातील प्लेग, तर फुफ्फुसात पोहोचल्यास फुफ्फुसाचा प्लेग होतो. फुफ्फुसाचा प्लेग सर्वांत भयंकर, कारण या अवस्थेत पिसवेची गरज उरत नाही. खोकल्यातील तुषारांद्वारे तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो.

उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. फुफ्फुसाचा प्लेग उपचारांविना जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. याउलट वेळेवर औषध मिळाल्यास हा रोग बरा होतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे त्यावर परिणामकारक आहेत. पेनिसिलिनचा मात्र उपयोग होत नाही. प्लेगचे भय औषधाच्या अभावाचे नाही, उशिराचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाठोपाठ १८९७ चा साथरोग कायदा आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहान प्रयोगशाळेत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. प्लेग निवारणाच्या नावाखाली झालेल्या घरझडत्या व सक्तीमुळे लोकांत संताप पसरला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

या सर्व काळात रोग नेमका कसा पसरतो हेच ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने उंदरावरील पिसू हा दुवा प्रयोगाने दाखवून दिला. तरी तो मान्य होण्यास काही वर्षे जावी लागली. पुढील दोन दशकांत भारतात प्लेगने घेतलेल्या बळींची संख्या १ कोटीच्या वर गेली.

येथे एक बाब नोंदविण्यासारखी आहे. शास्त्रज्ञांना पिसू सापडण्यापूर्वीच लोकांनी उंदीर ओळखला होता. ‘गावात उंदीर पडू लागले’ असे कानी येताच घरदार बंद करून माणसे रानात झोपड्या घालून राहावयास जात. पिसवेचे शास्त्र त्यांना अवगत नव्हते. परंतु पिसवांनी भरलेल्या घरापासून दूर जाणे हा त्या परिस्थितीतील सर्वांत योग्य उपाय होता.

मामला : १९९४

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे १० हजार लोकांचे प्राण घेतले. त्याला वर्ष होण्यापूर्वीच, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला येथे घरांतून उंदीर मरून पडत असल्याच्या व पिसवांचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आरोग्य यंत्रणेकडे केल्या. त्यानंतर गावात ताप व गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरमध्ये रक्तजल तपासणीच्या आधारे हा प्लेग असल्याचे सांगण्यात आले.

हा क्रम लक्षपूर्वक पाहावयास हवा. आधी उंदीर, मग पिसू, मग माणूस. पाठ्यपुस्तकात वर्णिलेल्या साखळीची प्रत्येक पायरी मामल्याच्या ग्रामस्थांनी पाहिली होती आणि पहिल्या दोन पायऱ्यांवरच ती कळविलीही होती. सर्वेक्षणाच्या परिभाषेत ज्याला ‘पूर्वसूचना’ म्हणतात ती त्यांनी कोणत्याही प्रशिक्षणाविना दिली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि देशाचे सारे लक्ष तिकडे वळले. लक्षावधी लोकांनी सुरत सोडली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. अनेक देशांनी भारताकडे येणारी विमाने थांबविली, मालावर निर्बंध घातले. देशाच्या एकूण आर्थिक हानीचा अंदाज २ अब्ज डॉलरच्या घरात सांगितला जातो. मृत्यूंपैकी बहुतेक सुरतेतील होते. ५ ऑक्टोबर १९९४ पर्यंत देशात ५,१५० संशयित रुग्ण कळविण्यात आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वर्षाच्या नोंदीत मात्र भारतातील ८७६ रुग्ण व ५४ मृत्यू एवढीच संख्या आहे. संशय आणि निश्चिती यांतील ही दरी त्या काळच्या प्रयोगशाळा-व्यवस्थेच्या मर्यादा दर्शविते.

या मर्यादेमुळेच, हा खरोखर प्लेग होता काय, असा वाद उभा राहिला. रोगजंतू वेगळा करून दाखविण्यास विलंब झाला आणि काही नामवंत वैद्यकतज्ज्ञांनी अन्य रोगांची शक्यता मांडली. केंद्र शासनाने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक सल्लागार समिती नेमली. पुढे ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील शास्त्रज्ञांनी जनुकीय तंत्रांच्या साहाय्याने त्या साथीतील जिवाणू येर्सिनिया पेस्टिसच असल्याचे दाखवून दिले.

बीडच का?

या प्रश्नाचे सर्वमान्य स्पष्टीकरण म्हणून भूकंपाकडे बोट दाखविले जाते. भूकंपानंतर भीतीपोटी लोकांनी दगडमातीची घरे सोडून मोकळ्या जागी मुक्काम हलविला. धान्य मात्र जुन्या घरांतच राहिले. माणसांचा वावर थांबलेल्या व धान्याने भरलेल्या घरांत उंदरांची संख्या वाढली, आणि भूगर्भातील हालचालींनी रानातील उंदरांच्या वसाहती विस्कळीत होऊन त्यांचा घरउंदरांशी संपर्क आला, असा हा तर्क आहे. तो ग्राह्य वाटतो. परंतु तो अर्धाच आहे. भूकंपाने जिवाणू निर्माण केला नाही. जिवाणू आधीपासूनच या परिसरातील रानउंदरांत वास करून असल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते.

म्हणूनच देशातील प्लेगच्या नैसर्गिक केंद्रांची गणना करताना कोलारच्या परिसराबरोबर बीड-लातूर पट्ट्याचाही उल्लेख केला जातो. १९९४ नंतर फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील हटकोटी येथे १६ रुग्ण व ४ मृत्यू, तर ऑक्टोबर २००४ मध्ये उत्तराखंडातील डांगुड येथे ८ रुग्ण व ३ मृत्यू नोंदविले गेले. जगाचा विचार करता, मादागास्करमध्ये २०१७ साली २,४१७ रुग्ण व २०९ मृत्यू झाले. रोग संपलेला नाही. तो विश्रांती घेत असतो.

उपाययोजनेतील एक महत्त्वाचा क्रम

उंदरांमुळे प्लेग होतो हे कळताच सर्वांत आधी उंदीर मारावेत असे कोणालाही वाटेल. वर सांगितलेली साखळी पाहता ही घातक चूक ठरते. साथीच्या वेळी उंदीर आधी मारले तर त्यांच्यावरील पिसवा एकदम माणसांवर तुटून पडतात. म्हणून प्रथम बिळांत व उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक भुकटी टाकून पिसवांचा नाश करावा आणि त्यानंतरच उंदरांचे नियंत्रण हाती घ्यावे, असा शास्त्रीय क्रम आहे. पकडलेल्या उंदरांवरील किओपिस पिसवांची संख्या मोजून दर उंदरामागे सरासरी काढली जाते. ही सरासरी १ च्या वर गेली तर तो धोक्याचा इशारा समजतात. या मोजणीसाठी पिंजरा, फणी व सूक्ष्मदर्शक एवढीच साधने पुरतात. मात्र ती प्रशिक्षित व्यक्तीने संरक्षक साधने वापरूनच करावयाची असते.

तेलगाव परिसर आणि महाविद्यालयांची जबाबदारी

तेलगाव परिसर हा ऊस व कापसाचा. उसाच्या फडात उंदरांना अन्न व आडोसा दोन्ही मिळतात. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लक्षावधी ऊसतोड कामगार बैलगाड्या, जनावरे व लेकराबाळांसह कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाचटाच्या कोपीत, फडाच्या शेजारी, जमिनीवर झोपणारे हे कुटुंब रानातले आणि घरातले अशा दोन्ही वर्तुळांच्या नेमक्या सीमेवर राहत असते. मागे गावात बंद घर आणि त्यात वर्षाचे धान्य असते. भूकंपानंतर जे एकदा घडले, त्याच्याशी काहीसे मिळते चित्र स्थलांतरामुळे येथे दरवर्षी तयार होते. त्यामुळे प्लेग होईलच असे नव्हे. उंदरांमुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिससारखा रोग अशा ठिकाणी अधिक संभवतो. परंतु सावधगिरीचे कारण दोन्ही बाबतींत एकच आहे.

१९९४ च्या अनुभवानंतर देशात रोग-सर्वेक्षणाची गरज प्रकर्षाने जाणवली आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. ही यंत्रणा मुख्यतः रुग्णांच्या नोंदींवर चालते. रुग्णाच्या आधीची पायरी, म्हणजे उंदीर, तिच्या नजरेस येण्यासाठी गावाचे डोळे लागतात. येथे ग्रामीण महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम आहे. प्राणिशास्त्र विभागांनी परिसरातील उंदरांच्या व पिसवांच्या जातींची नोंद ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ‘उंदीर मारून न टाकता आपोआप मरू लागले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श करू नका’ हा साधा संदेश पोहोचवावा. आणि भूगोल, समाजशास्त्र विभागांनी स्थलांतरित कुटुंबांच्या निवाऱ्याचा अभ्यास करावा. जिवाणू एका विषयाच्या चौकटीत राहत नाही. त्याचा अभ्यासही तसा राहू नये.

समारोप

येर्सिनिया पेस्टिसची औषधे आज उपलब्ध आहेत, निदानाची साधने सुधारली आहेत, त्याचा जनुकीय आराखडा ज्ञात आहे. तरीही मामल्याचा प्रसंग एक प्रश्न मागे ठेवून जातो. खेड्यातील माणूस जेव्हा ‘घरात उंदीर पडताहेत, पिसवा फार झाल्यात’ अशी तक्रार करतो, तेव्हा आपण तिला अस्वच्छतेचे गाऱ्हाणे समजतो की शास्त्रीय निरीक्षण? १८९७ मध्ये शासनाने लोकांच्या घरात बळाने प्रवेश केला, पण त्यांचे म्हणणे ऐकले नाही. १९९४ मध्ये लोक स्वतः सांगत आले. पुढील वेळी ते पुन्हा सांगतीलच. ते ऐकून त्याचा अर्थ लावण्याची तयारी ज्या संस्थांकडे असावी, त्यांत गावाजवळचे महाविद्यालय अग्रभागी असले पाहिजे.